सहा ठिपक्यांचा शिल्पकार : लुई ब्रेल

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी फ्रान्स म्हटले की जगाच्या कानी एकच नाव पडत असे, ते म्हणजे नेपोलियन. त्याच्या तोफांनी अर्धा युरोप हादरला होता. त्याच फ्रान्समध्ये, त्याच धामधुमीच्या वर्षांत, एका खोगीर शिवणाऱ्या कारागिराच्या घरी एक मूल जन्मास आले. या मुलाने लढाई केली नाही, मुलूख जिंकला नाही. त्रेचाळीस वर्षांचे आयुष्य त्याला लाभले आणि त्यातली अडतीस वर्षे त्याने संपूर्ण अंधत्वात काढली. तो वारला तेव्हा पॅरिसच्या वर्तमानपत्रांनी त्याची दखलही घेतली नाही. आज नेपोलियनचे साम्राज्य नकाशावर शोधूनही सापडणार नाही; पण या मुलाने बसवलेले सहा ठिपके जगातल्या बहुतेक सर्व प्रमुख भाषांत वाचले जातात. त्याचे नाव लुई ब्रेल.

मित्रहो, अंकासाठी एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र लिहावे असे ठरले, तेव्हा माझ्यापुढे दुसरे नाव आलेच नाही. त्याचे कारण लेखाच्या ओघात येईल. आधी ही कहाणी मुळापासून सांगतो.

पॅरिसच्या पूर्वेला सुमारे चाळीस किलोमीटरवर कूव्रे नावाचे खेडे आहे. ४ जानेवारी १८०९ रोजी लुईचा जन्म तेथे झाला. चार भावंडांत तो शेंडेफळ. वडील सिमाँ रने ब्रेल हे घोड्यांचा साज तयार करीत. आई मोनिक घरचे पाहून शेतीभातीकडेही लक्ष देई. घोडा हेच त्या काळचे वाहन आणि शेतीचे बळ. त्यामुळे खोगिरे, लगाम, पट्टे यांचे काम बारमाही होते आणि घर खाऊनपिऊन सुखी होते.

कर्जत-नेरळच्या वाचकांना हा धंदा समजावून सांगायला नको. माथेरानला मोटारींना बंदी असल्यामुळे दस्तुरी नाक्याच्या पुढे आजही घोड्यांच्या टापा ऐकू येतात. माझे वडील त्याच घोड्यांबरोबर लाल मातीच्या रस्त्याने चालत आयुष्य काढीत आले आहेत. तंग तुटला, लगामाचा टाका उसवला, तर दुरुस्तीला प्रत्येक वेळी कुणाकडे जायचे? म्हणून चामड्याला भोक पाडायची आरी आमच्याही घरात आहे. ती लहान मुलांच्या हाती लागू नये म्हणून आई ती आढ्याला खोचून ठेवते. लुईच्या चरित्रातला पहिला प्रसंग वाचताना म्हणूनच माझ्या अंगावर काटा आला.

लुई तीन वर्षांचा असताना, १८१२ साली, वडिलांच्या कामाच्या जागी शिरला. वडील करतात तसे आपणही करावे, असे कुठल्या मुलाला वाटत नाही? त्याने एक टोकदार हत्यार उचलले, बहुतेक चरित्रकार म्हणतात की ती आरीच होती, आणि चामड्यात खुपसू लागला. हत्यार निसटले ते थेट डोळ्यात गेले. आज अशा जखमेवर ताबडतोब औषधोपचार होतो. पण जंतू म्हणजे काय हेच तेव्हा वैद्यकाला ठाऊक नव्हते. जखम चिघळली आणि तिचा विकार दुसऱ्या डोळ्यातही गेला. पाच वर्षांचा होईपर्यंत लुईची दृष्टी पूर्ण गेली.

याच सुमारास नेपोलियनचा पराभव होऊन परकी फौजा फ्रान्समध्ये शिरल्या. कूव्रेलाही सैनिकांचे तळ पडले. गावकऱ्यांना त्यांना घरात जागा द्यावी लागे, खाऊपिऊ घालावे लागे. अशा काळात एका आंधळ्या पोराकडे कोण पाहणार? त्या वेळी अंध मुलापुढे बहुधा एकच वाट असे, ती म्हणजे चर्चच्या दाराशी किंवा जत्रेत भीक मागण्याची. लुईच्या आईबापांनी ती वाट नाकारली. वडिलांनी त्याला काठी करून दिली. ती टेकीत तो घराभोवतालच्या वाटा शिकला. लाकडाच्या फळीवर खिळे ठोकून वडिलांनी त्याला अक्षरांची ओळख करून दिली, असेही सांगतात. गावात जाक पालुई नावाचे नवे धर्मगुरू आले होते. त्यांनी या मुलाची हुशारी हेरून त्याला शिकवायला घेतले आणि गावच्या शाळेचे मास्तर आंत्वान बेशरे यांच्याकडे शब्द टाकला. मास्तरांनी लुईला इतर मुलांबरोबर वर्गात बसू दिले.

दोनशे वर्षांपूर्वीच्या एका खेड्यात अंध मूल डोळस मुलांच्या शेजारी बसले, ही साधी गोष्ट नव्हती. लुई ऐके ते लक्षात ठेवी आणि तोंडी उत्तरांत बरोबरीच्या मुलांना मागे टाकी. पण मास्तरांनी पुस्तके उघडा म्हटले की त्याचे काम संपे. वर्गातली सगळी मुले वाचायला लागत आणि हा नुसता बसून राही.

माझ्या धाकट्या भावाचे शाळेतले दिवस असेच गेले. तो आता अकरा वर्षांचा आहे. लहानपणीच्या तापानंतर त्याची दृष्टी गेली. डोंगराच्या पायथ्याशी आमची वाडी आहे. तिथून शाळा चालत वीस मिनिटांवर. शाळेत त्याचे नाव पटावर घालून घेतले, ही चांगलीच गोष्ट झाली. तो रोज जाई, कविता ऐकून पाठ करी, खिचडी खाई आणि घरी येई. दरवर्षी तो वरच्या वर्गात जाई. परंतु चौथीत गेला तरी एक ओळ त्याने स्वतः वाचली नव्हती. आईने विचारले की उत्तर मिळे, तो येतो आहे ना, मग झाले. आईला लिहिता-वाचता येत नाही. त्यामुळे हे झाले म्हणजे नेमके काय झाले, हे तिला पुढे विचारता येईना. मला वाटते, दिव्यांग मुलांच्या शिक्षणाचा सारा प्रश्न याच जागी येऊन थांबतो. वर्गात जागा मिळाली म्हणजे शिक्षण मिळाले असे होत नाही. लुई ब्रेलचे पुढचे आयुष्य म्हणजे या दोन गोष्टींमधले अंतर तोडण्याची धडपड आहे.

गावच्या शाळेत जे शिकता येण्यासारखे होते ते संपले. तेव्हा पालुई यांनी गावच्या जमीनदाराला, मार्क्विस दॉर्व्हिलिये यांना, गळ घातली. त्यांनी पॅरिसच्या अंध मुलांच्या राजकीय संस्थेस पत्र लिहिले आणि लुईला शिष्यवृत्तीसह प्रवेश मिळाला. १५ फेब्रुवारी १८१९ रोजी, दहा वर्षांचा लुई वडिलांबरोबर पॅरिसला पोहोचला. बाप, धर्मगुरू, मास्तर आणि जमीनदार अशा चार माणसांनी आपापल्या जागी एकेक शब्द टाकला, म्हणून हे घडले. त्यांतला एक जरी गप्प बसला असता, तर जगाला ही लिपी कदाचित मिळालीच नसती.

या संस्थेचीही एक कथा आहे. १७७१ साली पॅरिसच्या एका जत्रेत व्हॅलेंतिन आउई या तरुणाने एक किळसवाणा तमाशा पाहिला. काही अंधांना विदूषकाचे कपडे आणि भलेमोठे चष्मे घालून बाजा वाजवायला बसवले होते आणि भोवती लोक पोट धरून हसत होते. आउईला त्याची लाज वाटली. पुढे एका चर्चपाशी भीक मागणारा फ्रांस्वा लस्युअर हा अंध मुलगा त्याला भेटला. हाती पडलेले नाणे केवढ्याचे आहे हे हा मुलगा बोटांनी ओळखतो, हे आउईने पाहिले, असे सांगतात. बोटांना नाणे कळते तर अक्षर का कळू नये? या विचारातून त्याने ओल्या जाड कागदावर दाबून उठावाची अक्षरे छापली आणि १७८४ मध्ये पॅरिसमध्ये शाळा सुरू केली. अंध मुलांसाठीची ही जगातली पहिली शाळा समजतात.

लुई आला तेव्हा ही शाळा एका जुनाट, दमट इमारतीत होती. शिस्त कडक, अन्न बेताचे. मुलांना संगीत शिकवीत, विणकाम आणि चपला करण्यासारखे हातकाम शिकवीत. वाचनासाठी आउईची उठावाची पुस्तके होती. ती लुईने किती आशेने हाती घेतली असतील! पण ही अक्षरे म्हणजे डोळ्यांसाठी घडलेली रोमन अक्षरेच होती, फक्त मोठी आणि फुगवलेली. बोट एकेका अक्षराच्या वळणावरून फिरवायचे, ते ओळखायचे, मग पुढचे. वाक्य संपेपर्यंत सुरुवात विसरायची. पुस्तके इतकी जड की मुलाला उचलवत नसत आणि संख्येने अगदी थोडी. शिवाय या पद्धतीने वाचता येई ते कसेबसे, लिहिता तर येतच नसे. ज्याला लिहिता येत नाही त्याला स्वतःचे टिपण ठेवता येत नाही, हिशेब मांडता येत नाही, घरी दोन ओळींचे पत्र पाठवता येत नाही.

१८२१ साली शार्ल बार्बिये हे सैन्यातले निवृत्त अधिकारी आपली एक नवी लेखनपद्धती घेऊन शाळेत आले. अंधारात सैनिकांना निरोप वाचता यावेत म्हणून ती काढली होती, असे नेहमी सांगितले जाते. शाळेची वाट ज्यांना मिळाली नाही त्यांनाही सोपे लेखन यावे, हाही त्यांचा हेतू होता. अक्षरांऐवजी कागदावर टोचलेले ठिपके वापरावेत, ही त्यांची कल्पना. पण एकेका खुणेला बारापर्यंत ठिपके लागत. ती खूण एका बोटाच्या टोकाखाली मावत नसे. खुणा उच्चारांच्या होत्या, त्यामुळे शुद्धलेखनाला जागा नव्हती. विरामचिन्हे आणि अंकही नव्हते.

बारा वर्षांच्या लुईला त्यातले गुण आणि दोष दोन्ही दिसले. ठिपका बोटाला रेषेपेक्षा लवकर कळतो, हे त्याने पकडले. त्या मुलाने सुचवलेल्या सुधारणा बार्बियेंना मानवल्या नाहीत, असे म्हणतात. मग लुईने स्वतःच काम हाती घेतले. दिवसा वर्ग आणि रात्री इतर मुले झोपली की कागद आणि टोचणी, असा त्याचा क्रम होता. सुट्टीत कूव्रेला गेला तरी हेच चाले. अशी तीन वर्षे गेली. १८२४ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, त्याची लिपी आकाराला आली.

ही रचना इतकी सोपी आहे की आपण कोणीही ती पाच मिनिटांत समजून घेऊ शकतो. दोन उभ्या ओळी आणि प्रत्येकीत तीन ठिपके. डावीकडचे वरून खाली १, २, ३ आणि उजवीकडचे ४, ५, ६. यातले काही ठिपके उठवायचे, काही सोडायचे, म्हणजे एकूण ६३ वेगवेगळ्या खुणा होतात. रोमन वर्णमालेतली पहिली दहा अक्षरे वरच्या चार ठिपक्यांतच बसवली. पुढच्या दहा अक्षरांसाठी त्याच दहा खुणांना तिसरा ठिपका जोडला. म्हणजे दहा खुणा शिकल्या की पुढच्या दहा जवळजवळ फुकट मिळाल्या. त्याच पहिल्या दहा खुणांच्या आधी एक ठरावीक चिन्ह घातले की त्या अंक होतात. संपूर्ण खूण बोटाच्या टोकाखाली एका स्पर्शात मावते. लिहिताना कागदावर चौकटींची पट्टी बसवून टोचणीने उजवीकडून डावीकडे टोचायचे. कागद उलटला की उंचवटे डावीकडून उजवीकडे वाचता येतात. ज्या जातीच्या हत्याराने त्याचे डोळे गेले, जवळजवळ तसल्याच हत्याराने त्याने आपल्यासारख्या लाखोंच्या हाती अक्षर दिले.

शाळेचे त्या वेळचे प्रमुख डॉ. पिन्ये यांनी मुलांना ही लिपी वापरू दिली. मुले वर्गात टिपणे घेऊ लागली, एकमेकांना चिठ्ठ्या लिहू लागली. १८२९ साली लुईने आपल्या पद्धतीची माहिती देणारे पुस्तक प्रसिद्ध केले. शब्द, संगीत आणि धर्मगीते ठिपक्यांनी कशी लिहावीत हे त्यात होते. गंमत अशी की हे पुस्तक छापले गेले ते आउईच्या उठावाच्या अक्षरांतच! १८३७ मध्ये सुधारलेली दुसरी आवृत्ती निघाली. त्याच वर्षी संस्थेत फ्रान्सच्या इतिहासाचे पुस्तक ब्रेलमध्ये तीन खंडांत तयार झाले.

आरंभी साहाय्यक शिक्षक असलेला लुई १८३३ मध्ये त्याच संस्थेत पूर्ण शिक्षक झाला. व्याकरण, भूगोल, गणित, संगीत असे अनेक विषय तो शिकवी. तो उत्तम ऑर्गनवादक होता आणि पॅरिसच्या चर्चमध्ये त्याला वादकाची नेमणूक मिळाली होती. पगार मोठा नव्हता. तरी गरजू विद्यार्थ्यांना तो उसने पैसे देई आणि परत मागत नसे. त्याच्या मृत्यूनंतर, न उघडता जाळावी अशी सूचना असलेली एक पेटी मिळाली. ती उघडली तेव्हा आत विद्यार्थ्यांनी लिहून दिलेल्या कर्जाच्या चिठ्ठ्या होत्या. ती कर्जे त्याने माफ करून टाकली होती. अंध आणि डोळस यांना एकमेकांशी पत्रव्यवहार करता यावा म्हणून त्याने १८३९ मध्ये ठिपक्यांनीच नेहमीची अक्षरे रेखाटण्याची वेगळी पद्धत काढली. पुढे फूको या अंध मित्राच्या मदतीने त्यासाठी एक यंत्रही तयार झाले. आपल्या लिपीमुळे मुले डोळस जगापासून तुटतील, हा आक्षेप त्याने किती मनावर घेतला होता, हे यावरून दिसते.

कारण हा आक्षेपच त्याचा सर्वांत मोठा शत्रू ठरला. १८४० साली पिन्ये यांना पदावरून दूर केले गेले आणि द्यूफो हे प्रमुख झाले. त्यांना ब्रेल लिपी मान्य नव्हती. अंधांची लिपी निराळी झाली तर अंध समाजापासून निराळे पडतील, त्यांच्या शिक्षकांनाही ती शिकावी लागेल; त्यापेक्षा सर्वांची असते तीच अक्षरे त्यांनी वाचावीत, अशी ही विचारसरणी. वरवर पाहता तीत दुष्टपणा नाही, उलट समानतेचा आभास आहे. पण जी अक्षरे बोटांना वाचताच येत नाहीत, ती सर्वांची कशी म्हणायची? ब्रेलमधील पुस्तके जाळण्यात आली. ठिपक्यांनी लिहिण्यावर बंदी आली.

आणि इथे या कहाणीतला मला सर्वांत आवडणारा भाग येतो. मुलांनी बंदी मानली नाही. टोचण्या लपवून ठेवल्या, मोठ्या मुलांनी लहानांना चोरून शिकवले. ज्यांच्या नावाने सर्व निर्णय घेतले जात होते आणि ज्यांना कोणी विचारले नव्हते, त्यांनी आपले मत असे दिले. अखेर उपप्रमुख जोसेफ ग्वादे यांच्या हे लक्षात आले की मुले जी लिपी शिक्षा पत्करून वापरतात तीच खरी त्यांची लिपी. त्यांनी द्यूफोंचे मन वळवले.

१८४३ साली संस्था बुलव्हार दे झँव्हालीद या रस्त्यावरच्या नव्या इमारतीत गेली. तीन वर्षांपूर्वीच नेपोलियनचे अवशेष सेंट हेलेनाहून आणून जवळच्याच झँव्हालीदमध्ये ठेवले होते. फेब्रुवारी १८४४ मध्ये नव्या इमारतीचा समारंभ झाला. ग्वादे यांनी लुईच्या लिपीची माहिती सर्वांसमोर सांगितली आणि प्रात्यक्षिक दाखवले. एका मुलाने सांगितलेला मजकूर ठिपक्यांत उतरवला आणि तो सांगितला जात असताना बाहेर असलेल्या दुसऱ्या मुलाने आत येऊन तो बोटांनी घडाघडा वाचून दाखवला. पाठांतराची शंका कोणालाच घेता आली नाही.

लुईला तोवर क्षयाने ग्रासले होते. १८३५ पासून या रोगाची चिन्हे दिसत होती. जुन्या इमारतीतल्या दमट हवेचा त्यात हात असावा असे मानतात. अधूनमधून कूव्रेला जाऊन तो विश्रांती घेई, पुन्हा येऊन शिकवी. ६ जानेवारी १८५२ रोजी, त्रेचाळिसावा वाढदिवस झाल्यावर दोन दिवसांनी, तो निवर्तला. दोनच वर्षांनी, १८५४ मध्ये, फ्रान्सने त्याची लिपी अधिकृतपणे स्वीकारली. १८७८ च्या पॅरिसमधील परिषदेत इतर देशांचीही तिला मान्यता मिळाली. त्याच्या मृत्यूला शंभर वर्षे झाली तेव्हा, १९५२ साली, फ्रान्सने त्याचे अवशेष पॅरिसच्या पँथिऑनमध्ये, राष्ट्राच्या थोर पुरुषांच्या शेजारी नेले. पण त्याचे हात मात्र कूव्रेच्या दफनभूमीतच ठेवले. गावकऱ्यांनी फार विचारपूर्वक वाटणी केली, असे मला वाटते.

आता हे ठिपके आपल्याकडे कसे आले ते पाहू. १९०० साली अमेरिकन मराठी मिशनच्या ॲना मिलार्ड यांनी मुंबईत अंध मुलांसाठी शाळा काढली. १९०२ मध्ये ताडदेवची व्हिक्टोरिया मेमोरियल अंधशाळा सुरू झाली. भारतात मात्र वेगवेगळ्या भाषांसाठी वेगवेगळ्या लोकांनी ठिपक्यांची जुळणी आपापल्या परीने केली होती. एका ठिकाणचे पुस्तक दुसऱ्या ठिकाणी चालत नसे. स्वातंत्र्यानंतर १९५१ मध्ये भारती ब्रेल ही सर्व भारतीय भाषांसाठी एकच पद्धत ठरली. तीत क म्हणजे १ आणि ३ हे ठिपके, ब म्हणजे १ आणि २, ल म्हणजे १, २, ३. आपल्या मराठीचा ळ म्हणजे ४, ५, ६. छापील मराठीत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी काढतात. ब्रेलमध्ये ती उच्चाराप्रमाणे अक्षराच्या मागून येते. १५ फेब्रुवारी २००८ रोजी स्वागत थोरात यांनी मुंबईतून ‘स्पर्शज्ञान’ हे मराठी ब्रेल पाक्षिक सुरू केले. लुई पॅरिसच्या शाळेत दाखल झाला तीच ही तारीख, हा योगायोग मला फार गोड वाटतो. लुईच्या जन्माला दोनशे वर्षे झाली तेव्हा, २००९ साली, भारत सरकारने त्याच्या स्मरणार्थ दोन रुपयांचे नाणेही काढले. ४ जानेवारी हा त्याचा जन्मदिवस २०१९ पासून संयुक्त राष्ट्रांतर्फे जागतिक ब्रेल दिन म्हणून पाळला जातो.

कायदाही आज मुलाच्या बाजूने उभा आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने, ठरावीक प्रमाणात दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या प्रत्येक मुलाला जवळच्या शाळेत किंवा स्वतःच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. मुलाला लागेल त्या लिपीत आणि त्या साधनाने शिकवण्याची जबाबदारी त्यात शाळेवर आहे. म्हणजे जे लुईच्या बापाला विनवण्या करून मिळवावे लागले, ते माझ्या आईला हक्काने मागता येते. पण मागायचे कसे, हे सांगणारा कोणीतरी लागतो. दाखल्यासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी तीन खेपा झाल्या. प्रत्येक खेपेला वडिलांचा त्या दिवसाचा घोड्याचा धंदा बुडाला. घरात अर्ज लिहिणारा पहिला माणूस मी. महाविद्यालयात आल्यावर मला हा कायदा कळला, आणि भावाला वर्गात वाचायला काय देणार, असा प्रश्न आम्ही लेखी विचारला. वर्षभराने का होईना, आठवड्यातून एकदा फिरते विशेष शिक्षक येऊ लागले. त्यांनी ब्रेलची पट्टी आणि टोचणी दिली. भाऊ आज स्वतःचे नाव लिहितो, बाराखडी वाचतो. पाठ्यपुस्तक मात्र अजून हाती आलेले नाही, आणि पुढच्या वर्षी त्याला सहावीत जायचे आहे.

कोणी म्हणेल, आता मोबाइल सर्व काही वाचून दाखवतो, मग ब्रेल कशाला? मोबाइलचा उपयोग मी नाकारीत नाही; भाऊ त्यावर गोष्टी ऐकतो. पण ऐकणे म्हणजे वाचणे नव्हे. ऐकून दिन आणि दीन यांतली वेलांटी कळत नाही, गणिताची मांडणी डोक्यात धरता येत नाही, ओळीवर थांबून मागे जाता येत नाही. डोळस मुलांना आपण मोबाइल बोलतो म्हणून बाराखडी शिकवायचे थांबवलेले नाही. मग अंध मुलालाच तेवढे निरक्षर राहायला का सांगावे?

कर्जत आणि खालापूर या आपल्या दोन तालुक्यांत वाड्या डोंगरउतारावर विखुरलेल्या आहेत. कुठे ठाकरांच्या, कुठे कातकऱ्यांच्या. एखाद्या वाडीत न ऐकणारे, न दिसणारे किंवा सावकाश शिकणारे एकच मूल असते आणि त्याच्या आईबापांना वाटते की जगात असे आपलेच एकटे आहे. आपली राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे गावोगावी होतात. आपण रस्ते झाडतो, बंधारे घालतो. त्याच शिबिरात घरोघर जाऊन अशा मुलांची चौकशी केली तर? मूल शाळेत जाते का, एवढेच विचारून परतू नये. वर्गात त्याच्या हाती काय देतात, हेही विचारावे. आईबापांना अर्ज लिहून द्यावा. आपल्यातल्या ज्यांचे अक्षर चांगले आहे त्यांनी परीक्षेत अंध विद्यार्थ्यांचे लेखनिक व्हावे. आमच्या प्राध्यापकांनी यासाठी मार्गदर्शन केले तर वीस-पंचवीस विद्यार्थी मी स्वतः गोळा करीन.

लुई ब्रेल हा असामान्य बुद्धीचा होता, यात वाद नाही. परंतु कूव्रेच्या त्या वर्गात तो असामान्य म्हणून बसला नव्हता. तो खोगीरवाल्याचा आंधळा मुलगा म्हणून बसला होता आणि चार साध्या माणसांनी त्याच्यासाठी तोंड उघडले होते. प्रत्येक अंध मुलाने नवी लिपी शोधावी, अशी कोणाची अपेक्षा नाही. ती शोधून झाली आहे, दोनशे वर्षे झाली. आता फक्त ती मुलांच्या बोटांपर्यंत पोहोचवायची आहे.